गुपित कोणापासून?

१९५७ च्या सप्टेंबरात चीनच्या वर्तमानपत्रांनी एक बातमी मोठ्या अभिमानाने छापली. सिंकियांग आणि तिबेट यांना जोडणारा महामार्ग पुरा होत आला होता. सुमारे बाराशे किलोमीटरच्या या रस्त्याचा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा तुकडा अक्साई चीनमधून, म्हणजे भारताच्या नकाशातल्या लडाखमधून गेला होता. पेकिंगमधल्या आपल्या वकिलातीने ती बातमी वाचली आणि दिल्लीला कळवली. पुढच्या उन्हाळ्यात पाहणीसाठी दोन तुकड्या गेल्या, त्यातली एक चिन्यांनी धरून ठेवली. १८ ऑक्टोबर १९५८ रोजी भारताने चीनला खलिता धाडला. लोकसभेला हे सगळं कळलं २८ ऑगस्ट १९५९ रोजी. तोवर ईशान्य सीमेवर लोंगजूला गोळीबार होऊन तीन दिवस लोटले होते.

हे गुपित जवळजवळ दोन वर्षं राखलं गेलं. ते चीनपासून नव्हतं, रस्ता बांधणारेच ते होते. पेकिंगचं वर्तमानपत्र वाचता येणाऱ्या कुणापासूनही नव्हतं. ज्यांना ठाऊक नव्हतं, ती माणसं दिल्लीतल्या त्या गोल इमारतीत बसत होती आणि त्यांना निवडून देणारी माणसं गावोगावी आपापल्या कामात होती. परराष्ट्र व्यवहारातल्या गुप्ततेबद्दल बोलताना मला दर वेळी या प्रसंगाकडे यावंसं वाटतं, कारण ‘राष्ट्रहितासाठी सांगता येत नाही’ या वाक्यातलं झाकण नेमकं कुठल्या भांड्यावर असतं, ते इथे उघड दिसतं.

नेहरूंनी दिलेलं कारण लबाडीचं नव्हतं. पत्रव्यवहारातून काही मार्ग निघेल आणि योग्य वेळ आली की सभागृहाला सांगू, असं सरकारला वाटलं होतं, अशा आशयाचा खुलासा त्यांनी राज्यसभेत केला. हल्ली नेहरूंवर डूख धरून लिहिणाऱ्यांचा सुकाळ आहे, म्हणून हेही नोंदवायला हवं, की सतरा वर्षं परराष्ट्र खातं स्वतःकडे ठेवणाऱ्या या पंतप्रधानाने संसदेत या विषयावर जितक्या उलटतपासण्या सोसल्या, तितक्या त्याच्यानंतर फार थोड्यांनी सोसल्या असतील. त्यांना प्रश्नांची भीती नव्हती. योग्य वेळ कोणती हे आपल्यालाच कळतं, हा भरवसा मात्र दांडगा होता.

पुढे काय झालं ते पाहा. ७ सप्टेंबर १९५९ ला पहिली श्वेतपत्रिका आली. दोन सरकारांमधले खलिते जसेच्या तसे सभागृहाच्या पटलावर आले आणि मग त्यांची रीघच लागली. ऑक्टोबरात लडाखमधल्या कोंगका खिंडीत आपले जवान मारले गेले. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीला आले, तेव्हा तडजोडीसाठी नेहरूंच्या हाताशी काहीही उरलं नव्हतं. लोकमत पेटलेलं होतं, विरोधक आणि स्वपक्षातलेही डोळ्यांत तेल घालून बसले होते.

मुत्सद्द्यांच्या वर्तुळात यावरून एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. बघा, सगळं चव्हाट्यावर मांडलं आणि तोडग्याची वाट बंद झाली. नाजूक बोलणी चारचौघांत होत नसतात. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण संताप १९५९ साली उसळला तो रस्त्यामुळे जितका, तितकाच तो लपवल्यामुळे. हीच माहिती १९५७ च्या हिवाळी अधिवेशनात कुणी शांतपणे विचारली असती आणि तिला शांतपणे उत्तर मिळालं असतं, तर सभागृहाला विचार करायला दोन वर्षं मिळाली असती. अक्साई चीन आपल्याला किती मोलाचा, ईशान्येची मॅकमहोन रेषा किती मोलाची, कशाच्या बदल्यात काय, असल्या अप्रिय गोष्टींची चर्चा गोळीबाराआधी करता येते. नंतर कुणीच करू धजत नाही. मोकळेपणाने वाट बंद झाली, असं म्हणण्यापेक्षा मोकळेपणा उशिरा आल्याने ती बंद झाली, असं मी म्हणेन.

आपल्या राज्यघटनेने या बाबतीत सरकारचा हात फार सैल सोडला आहे. परराष्ट्र संबंध आणि तह हे संघसूचीतले विषय, पण तहाला संसदेची मंजुरी घ्यावी असं कुठे लिहिलेलं नाही. अमेरिकेत सिनेटचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. ब्रिटनमध्येही २०१० च्या कायद्याने तह संसदेपुढे एकवीस कामकाजी दिवस ठेवावा लागतो. आपल्याकडे संसदेचा हात लागतो तो जमीन द्यायची किंवा कायदा बदलायचा झाला तरच. नेहरू-नून कराराने पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं, तेव्हा १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने घटनादुरुस्ती हवी असं सांगितलं. कच्छच्या रणाचा लवादाचा निवाडा १९६८ साली आला, तेव्हा मधु लिमये त्याविरुद्ध न्यायालयात गेले. न्यायालयाने या वेळी मात्र म्हटलं की हा सीमेचा वाद मिटवणं आहे, प्रदेश देऊन टाकणं नाही, तेव्हा घटनादुरुस्तीची गरज नाही. म्हणजे शब्द देणं, हमी देणं, कुणाच्या बाजूने उभं राहणं वा न राहणं, या साऱ्यासाठी खासदाराच्या हाती उरतं ते एकच हत्यार: प्रश्न.

तेही बोथट करून दिलेलं. निदान पंधरा दिवसांची सूचना द्यायची, मग सोडतीत नंबर लागायला हवा. दिवसाला वीस तारांकित प्रश्न, त्यातले जेमतेम चार-पाच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. ज्याचा प्रश्न त्याला साधारण दोन पूरक प्रश्न. मित्रराष्ट्राचा उल्लेख अवमानकारक शब्दांत करायचा नाही, असं लोकसभेच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. स्थायी समितीपुढे परराष्ट्र सचिव येतात, तेही बंद दाराआड. मंत्र्यांना तिथे बोलावण्याची आपली पद्धत नाही.

या हत्याराला धार कशी लावायची, हे ज्यांनी दाखवलं त्यांत महाराष्ट्रातली माणसं पुढे होती. बॅरिस्टर नाथ पै १९५७ साली राजापूरमधून लोकसभेत गेले. लंडनमध्ये शिकलेले, समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद भूषवलेले, जन्म वेंगुर्ल्याचा. त्यांच्या मतदारांना परराष्ट्र धोरण हा दिल्लीच्या दिवाणखान्यातला विषय वाटण्याचं कारणच नव्हतं. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगालचं राज्य होतं. बहीण दिलेली पलीकडे, कुलदैवत पलीकडे, आणि आर्थिक नाकेबंदीमुळे येणंजाणं अडलेलं. गोव्याबद्दलचा प्रश्न विचारायचा तो परराष्ट्र खात्याला, उत्तर द्यायचं नेहरूंनी. तिकडे मधु लिमये २५ जुलै १९५५ ला सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले, पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला, बारा वर्षांची शिक्षा ऐकली आणि दीड वर्षाहून अधिक काळ तिथल्या तुरुंगात काढला. पुढे १९६४ साली ते बिहारमधल्या मुंगेरहून लोकसभेत आले, ते या अनुभवाची शिदोरी घेऊन. परराष्ट्र धोरण सामान्य माणसाला कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी पन्नाशीच्या दशकातला सावंतवाडीचा बाजार डोळ्यांपुढे आणावा.

१९६२ चा नोव्हेंबर तर वेगळाच. युद्ध चालू होतं, सैन्य मागे हटत होतं आणि संसदेचं अधिवेशन नेहमीपेक्षा आधी बोलावलेलं होतं. ते आधी बोलवावं या मागणीत तरुण अटलबिहारी वाजपेयी पुढे होते. ८ नोव्हेंबरला चर्चा सुरू झाली, १४ ला ठराव झाला. बैठक गुप्त ठेवावी अशी सूचना आली होती, नेहरूंनी ती मानली नाही. दीडशेहून अधिक सदस्य बोलले, सरकारचं पार वस्त्रहरण झालं. दोन दिवसांनी चीनने दुसरा हल्ला चढवला. त्या चर्चेमुळे एकही ठाणं पडलं, असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

आता याच्या शेजारी २०२० ठेवून पाहा. १५ जूनला लडाखच्या गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवान शहीद झाले. सप्टेंबरात करोनाच्या सावटाखाली अधिवेशन भरलं, त्यात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. संरक्षणमंत्र्यांनी निवेदन केलं. डिसेंबर २०२२ मध्ये अरुणाचलातल्या यांगत्सेला झटापट झाली, पुन्हा निवेदन झालं, चर्चा नाही, विरोधकांचा सभात्याग. निवेदन आणि उत्तर यांत मोठा फरक आहे. निवेदनात काय वगळायचं ते मंत्री ठरवतो. उत्तरात वगळलेलं काय ते विचारणारा दाखवून देतो.

अर्थात हा एकाच पक्षाचा आजार नाही. १९६२ साली नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, झालेल्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत तिचा गोषवारा सांगितला आणि अहवाल मात्र उघड करता येणार नाही असं सांगितलं. चव्हाणांच्या रूपाने सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेल्याला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं, सैन्याचं मनोबल सावरायचं होतं, त्यामुळे तो नकार समजण्यासारखा आहे. पण २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनीही संसदेला तेच ऐकवलं: मजकूर संवेदनशील आहे, आजही लष्करी दृष्ट्या महत्त्वाचा आहे. मार्च २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी अहवालाचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला. तेव्हा विरोधी बाकांवर असलेले अरुण जेटली यांनी जुने दस्तऐवज कायमचे कुलूपबंद ठेवू नयेत असं लिहिलं. त्याच वर्षी जुलैत जेटली संरक्षणमंत्री होते आणि अहवाल जाहीर करणं राष्ट्रहिताचं नाही, असं राज्यसभेला सांगत होते. चार महिन्यांत अहवालातला एक शब्दही बदललेला नव्हता, बदललं होतं ते फक्त बाक.

प्रश्नांमुळे सरकारचा हात दुबळा होतो, या समजाला छेद देणारं उदाहरणही आपल्याच घरात आहे. भारत-अमेरिका अणुकराराची बोलणी चालू असताना, १७ ऑगस्ट २००६ रोजी मनमोहन सिंग राज्यसभेत उत्तराला उभे राहिले. माकपच्या सीताराम येचुरींनी नऊ मुद्दे काढले होते, भाजपचे सदस्य वेगळ्या बाजूने तुटून पडले होते, निवृत्त अणुशास्त्रज्ञांनीही शंका घेतल्या होत्या. पंतप्रधानांनी मुद्द्यामागून मुद्दा घेत आपण कुठवर जाऊ आणि कुठल्या रेषेपलीकडे जाणार नाही ते सांगितलं. एरवी स्वतःशीही हळू आवाजात बोलत असावेत असं वाटायला लावणारा हा माणूस त्या दिवशी चांगला खणखणीत बोलला. पुढे वॉशिंग्टनच्या टेबलावर आपल्या अधिकाऱ्यांना ते भाषण दाखवता आलं: आमच्या पंतप्रधानांनी संसदेला शब्द दिला आहे, यापुढे आम्हाला सरकता येणार नाही. अमेरिकी मुत्सद्दी हा डाव सिनेटच्या नावाने कित्येक पिढ्या खेळत आले आहेत. व्हर्सायचा तह सिनेटने फेटाळल्यापासून तर त्यांना तो पुराव्यानिशी खेळता येतो. पाठीशी खोदून विचारणारं सभागृह असलं, की वाटाघाटी करणाऱ्याला मागे न सरकण्याचं कारण मिळतं. मान डोलावणाऱ्या सभागृहाचं नाव सांगून समोरच्याला कोण घाबरवणार?

आणि काही प्रश्न असे असतात, की त्यांत डावपेचांचा संबंधच नसतो. जून २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुलला आयसिसने भारतीय मजुरांना पकडलं. त्यातून निसटलेला एक जण सांगत होता की बाकीचे सगळे मारले गेले. सरकार म्हणत होतं की पुरावा नाही. खासदार पुन्हा पुन्हा विचारत राहिले. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी २०१७ साली लोकसभेत सांगितलं, की पुराव्यावाचून कुणाला मृत ठरवणं हे पाप आहे आणि ते मी करणार नाही. २० मार्च २०१८ रोजी त्यांनी राज्यसभेत जाहीर केलं की एकोणचाळीस जण मारले गेले आहेत. बहुतेक पंजाबचे होते. घरच्यांनी ते टीव्हीवर ऐकलं आणि आक्रोश केला. अधिवेशन चालू असताना आधी सभागृहाला सांगणं हे माझं कर्तव्य होतं, असं स्वराज म्हणाल्या. नियमाच्या दृष्टीने ते बरोबर होतं. तरीही मला वाटतं, पूर्वीची उत्तरं अधिक उघडी असती, म्हणजे ‘ते मारले गेल्याचा दाट संशय आहे, पण हाती पुरावा नाही’ असं कुणी निर्भीडपणे म्हटलं असतं, तर त्या दिवशीचा घाव इतका खोल गेला नसता. स्वराज यांच्या मनात माया नव्हती असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. परदेशात अडकलेल्या माणसासाठी मध्यरात्री धावून जाणारी ती मंत्री होती. चार वर्षं आशा जिवंत ठेवणारं उत्तर त्या मायेतूनच आलं असेल.

आपले खासदार परराष्ट्र खात्याला बहुतेक वेळा ‘सरकारची भूमिका काय?’ असं विचारतात. याला उत्तर ठरलेलं असतं: सरकार परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहे. किंवा ‘का?’ विचारतात, त्याला इतिहासाचा एक परिच्छेद मिळतो. ज्या प्रश्नाला मंत्र्याला बगल देता येत नाही तो म्हणजे ‘कधी?’ तुम्हाला हे कोणत्या तारखेला कळलं? समोरच्या देशाला कोणत्या तारखेला लिहिलं? उत्तर कधी आलं? १९५९ साली सरकार अडचणीत आलं ते तारखांमुळे. मोसुलच्या बाबतीतही वेदनेचा गाभा तारखांमध्येच होता. शिवाय तारीख सांगितल्याने कुठल्याही मित्रराष्ट्राचा अवमान होत नाही, आणि मंत्री ‘नंतर सांगतो’ म्हणाला तर ते वाक्य आश्वासन समितीच्या वहीत चढवता येतं.

हे लष्करी विषयांपुरतं नाही. पालघर-डहाणूची पोरं ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडली की कराचीच्या तुरुंगात जातात. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट व्हायला हवी. शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं, की महिन्याभरात सुटका व्हायला हवी. एवढं हाताशी असताना पालघरच्या खासदाराने धोरणाबद्दल एक अक्षरही विचारू नये. अतारांकित प्रश्न टाकावा आणि कोष्टक मागावं: अटक कधी, भेट कधी, ओळख पटली कधी, शिक्षा संपली कधी. चौथ्या रकान्यातली तारीख दोन वर्षं मागची निघाली, तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न त्याच रकान्यांसह पुन्हा टाकावा.