वीसच्या आतला पट

महाराष्ट्राच्या शिक्षणखात्याने २०२३ च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याची तजवीज मांडली, त्या वेळी एक आकडा वर्तमानपत्रांतून पुष्कळ फिरला : वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात १४,००० हून अधिक आहेत आणि त्यांत सुमारे १,८५,००० मुले शिकतात. भागाकार करून पाहणाऱ्यास शाळेमागे बारा-तेरा मुले असे उत्तर मिळाले, आणि ते मिळताच लोकमताचे दोन तट पडले. एकाला त्यात सरकारी द्रव्याचा अपव्यय दिसला, तर दुसऱ्याला गरिबाच्या दारातली शाळा उचलून नेण्याचा कावा दिसला. पैशाचा हिशेब व हक्काचा दावा या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी रास्तच आहेत. परंतु बारा मुले म्हणजे सर्वत्र एकाच जातीची वस्तू, असे जे उभय पक्षांनी विनातक्रार गृहीत धरले, ते मला चमत्कारिक वाटते.

कोकणातली बारा मुले पाहू. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या शिरगणतीत १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ वर आली. आणि हे घडले ते अवघे राज्य वाढत असताना. मुंबईला जाणे कोकणी माणसाला नवे नाही, पण जाण्याची रीत बदलली आहे. ज्या पिढीतले पुरुष गिरणीत लागले, गाळ्यात दाटीवाटीने राहिले आणि मनीऑर्डरीवर घर चालवीत आले, त्या पिढीची बायकामुले गावीच असल्यामुळे गाव कर्त्या पुरुषांवाचून ओका आणि शाळा मात्र पोरांनी भरलेली, असा देखावा त्या मुलखात दीर्घकाळ टिकला. २०११ मध्येही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, ही त्याच व्यवस्थेची उरलेली खूण. पुढे गिरण्या बसल्या, चाकरमान्याने दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार अशा ठिकाणी स्वतःची खोली केली, आणि खोली झाली की मागोमाग बिऱ्हाड गेले. एकटा पुरुष गेल्याने पट हलत नाही. बिऱ्हाड गेले की एकाच दाखल्याच्या वहीत एका दिवशी तीन पाने फाटतात. त्यातच राज्याचा जननदर, जो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १९९२-९३ मध्ये २.८६ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर उतरला. ज्या वाडीतली निम्मी घरे केवळ गणपतीत आणि शिमग्यात उघडतात, तिथे पहिलीत एकही मूल दाखल न झालेले वर्ष येणे ओघानेच आले.

आणखी एक गोष्ट जिल्ह्याच्या कचेरीत बसून ध्यानात येत नाही. कोकणातले गाव वाड्यांत विभागलेले असते, आणि वाडी बहुधा एका जातीची, पुष्कळदा एका भावकीचीच असते. गुरववाडी, तेलीवाडी, बौद्धवाडी ही नावेच ते सांगतात. त्यामुळे वाडीवरच्या शाळेत जातीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘वरीलप्रमाणे’ असे लिहिलेले आढळले, तर त्यात शाळेचा भेदभाव नसून वस्तीची रचना आहे. आणि दोन वाड्यांच्या शाळा एक करणे हा केवळ अंतराचा प्रश्न उरत नाही. तथापि याच एकरंगी पटावर अलीकडे परकी नावे उमटू लागली आहेत. हापूसच्या बागा राखण्यासाठी आलेल्या नेपाळी राखणदारांची मुले, जांभ्याच्या चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुले ही वाडीतल्या मुलांबरोबर एकाच बाकावर बसून बाराखडी गिरवतात, आणि काही शाळांचा जीव त्यांच्याच आधारावर तगून आहे. मातृभाषेच्या रकान्यात मराठीखाली मराठी लिहीत आलेल्या गुरुजींचा हात तिथे क्षणभर थबकत असेल.

सातपुड्यातली बारा मुले निराळी. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत मुले कमी नाहीत. घरे एकमेकांपासून दूर, डोंगराच्या सोंडांवर विखुरलेली आहेत आणि पाडा हाच वस्तीचा घटक आहे. तेथील लहान पट हे भूगोलाचे अपत्य होय, जननाच्या ऱ्हासाचे नव्हे. शिक्षणहक्काच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही जी मर्यादा घातली, ती नकाशावर पट्टी ठेवून मोजता येते; पण आषाढात ओढ्याला पाणी आले आणि साकव वाहून गेला की तोच एक किलोमीटर सहा वर्षांच्या मुलीला अनुल्लंघ्य होतो. ही शाळा मोठ्या शाळेत विलीन केली तर कागदावर मुले तितकीच राहतील, आणि पावसाळ्यात बाके रिकामी राहतील.

तिसरी बारा मुले कुठल्याही तालुक्याच्या गावापासून पाच-सात किलोमीटरवर भेटतात. इथे गावाची वस्ती घटलेली नाही, डोंगर आडवा आलेला नाही. सकाळी सात वाजता पिवळी बस येते आणि मुलांना इंग्रजी शाळेत घेऊन जाते, इतकेच. जी मागे उरतात त्यांत शेतमजुराची, वीटभट्टीवाल्याची, पालावरची मुले येतात, आणि ज्यांच्या धाकट्या भावासाठी बसचे पैसे भरले गेले अशा थोरल्या बहिणी येतात. गावात मुले किती हा प्रश्न या ठिकाणी गैरलागू आहे. इथला पट गावाचे प्रतिबिंब दाखवीत नाही, गावातून निवडून गेलेल्यांची बाकी दाखवतो. आणि ज्यांनी शाळा सोडली त्यांच्या निर्णयाचा दंड ज्यांना ती सोडता येत नाही त्यांना द्यावा, हे तर्कशास्त्र मला आजवर उलगडलेले नाही.

हे सारे समजून घेण्यासाठी पाहणीपथके धाडण्याची गरज नाही. प्रत्येक शाळेच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर असते आणि ते बारकाईने वाचणारा इसम मात्र क्वचित असतो. त्यातले रकाने असे : रजिस्टर क्रमांक, नाव, धर्म व जात, मातृभाषा, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, मागील शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कारण, शेरा. जन्मतारखेचा रकाना काढा : जुन्या पानांवर १ जून ही तारीख अशी दाटीने आढळते की त्या मुलखातली बाळे त्याच दिवशी जन्म घेण्याचा पण करून आली असावीत. जून महिन्यात शाळा उघडताना मूल सहा वर्षांचे भरावे म्हणून गुरुजींनी घातलेली ती तारीख महाराष्ट्रातील कित्येक निवृत्त अधिकाऱ्यांच्या सेवापुस्तकात आजही अढळ आहे. सोडण्याच्या कारणाचा रकाना त्याहून बोलका, कारण तो काहीच बोलत नाही. ‘पालकांच्या विनंतीवरून’ या दोन शब्दांत विरारची खोली, पिवळी बस, बापाचे आजारपण आणि तेराव्या वर्षीचे लग्न ही चारही कारणे सारख्याच वळणदार अक्षरात मावतात.

सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर असे एक नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वर्षीच्या वार्षिक तक्त्यात ही नोंद अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या बेरजेत एकाने भर घालण्यापलीकडे काही करू शकली नसती. तक्त्याचा तो दोष नव्हे, धर्म आहे. पण जिथे सगळी बेरीजच आठ-दहाची आहे, तिथे नावे टाकून बेरीज पाहणे म्हणजे हातातले अधिक ज्ञान टाकून कमी ज्ञान पत्करणे होय.

शेकडेवारीचेही तसेच आहे. आठ मुलांच्या शाळेतून दोन भावंडे गेली की अहवालात ‘पटसंख्येत २५ टक्के घट’ असे छापून येते, आणि वाचणाऱ्याला वाटते की शाळेत काहीतरी मोठे बिघडले. प्रत्यक्षात एका बापाला कल्याणकडे काम लागलेले असते. शिवाय ही आठ मुले म्हणजे आठ स्वतंत्र घटना नव्हेत. ती तीन-चार चुलींवरची भावंडे असतात, आणि एक चूल हलली की मुलींचे प्रमाण, जातींचे प्रमाण, गैरहजेरीचे प्रमाण ही सारी एकाच वेळी उसळतात. म्हणून अशा शाळेची गणना डोक्यांनी न करता घरांनी करावी. घरे मोजणारी जुनी खानेसुमारी या बाबतीत आजच्या माहितीप्रणालीपेक्षा शहाणी होती. संख्या जितकी लहान तितका सरासरीतला चढउतार मोठा, हे द म्वाव्र या गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडले होते. तरीही अमेरिकेत गुणवत्तेच्या यादीत लहान शाळा वरच्या टोकाला दिसल्या म्हणून गेट्स प्रतिष्ठानाने लहान शाळांवर अफाट पैसा खर्चला, आणि त्याच यादीच्या तळालाही लहान शाळाच गर्दी करून आहेत ही गोष्ट हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाला पुढे दाखवून द्यावी लागली. आपल्याकडे ज्या लहान शाळेला एका वर्षी ‘आदर्श’ म्हणून हार घातला जातो आणि दुसऱ्या वर्षी नोटीस धाडली जाते, तिच्या दोन्ही वर्षांच्या भाग्यात एखाद्या हुशार मुलीच्या पाचवी उत्तीर्ण होऊन जाण्यापलीकडे पुष्कळदा काही नसते.

रकान्यांचे संकट दुहेरी आहे. केंद्राच्या नमुन्यात सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागास असे चारच सामाजिक गट असल्यामुळे, ज्यांना राज्याने ११ टक्के वेगळे आरक्षण दिले त्या भटक्या-विमुक्तांचे मूल दिल्लीच्या तक्त्यात दुसऱ्या कुणात तरी मिसळून नाहीसे होते. उलट गावात नाहीसे होणे कुणालाच शक्य नसते : नऊ मुलांच्या शाळेच्या फलकावर ‘दिव्यांग : १’ असे लिहिले की ते कोण, हे पारावर बसलेल्या कुणालाही सांगता येते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला होता; म्हणजे पटावरचे नाव आणि वर्गातले मूल यांतले अंतर हा सरकारच्या चिंतेचा विषय शंभर वर्षे जुना आहे. ते अंतर राज्यात किती वाढले होते, हे २०११ च्या ऑक्टोबरातील पटपडताळणीत, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली तेव्हा, उघड झाले. मोठ्या शाळांत खोटी नावे दडतात. वाडीवरच्या शाळेत दडायला जागा नसते, फार तर मुंबईस गेलेल्या एखाद्याचे नाव गुरुजी दिवाळीपर्यंत कमी करीत नाहीत.

तरीही या छोट्या पटाला तारखेने फसवले जाते. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर आधारलेली असते. बीडकडचा ऊसतोडीचा कोयता, अर्थात मजूर नवराबायकोची जोडी, उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतो, म्हणजे ३० सप्टेंबरला त्यांची मुले हजर असतात आणि डिसेंबरात उसाच्या फडावर. मागे आजी-आजोबा असले किंवा हंगामी वसतिगृह सुरू झाले तरच ती राहतात. कोकणात याच्या उलट, आंबा मोहोरण्याच्या सुमारास बागेवर आलेल्या राखणदाराचे मूल सप्टेंबरच्या मोजणीत नसते आणि फेब्रुवारीत पहिल्या बाकावर असते. फेब्रुवारीत दुसरी मोजणी घेतली आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतली शून्य ते सहा वयाची नावे तिला जोडली, तर पुढल्या पाच वर्षांचा पट नावानिशी आजच मांडता येईल. त्यासाठी अंदाजपंचे भाकिताची आवश्यकता नाही. अडचण एवढीच की अलीकडे ज्या मुलाचा आधार क्रमांक पडताळून मिळत नाही ते संचमान्यतेच्या हिशेबात धरले जात नाही, आणि बागेवरच्या नेपाळी मुलापाशी तो क्रमांक बहुधा नसतोच. ते मूल रोज येते, पोषण आहाराच्या पंगतीत जेवते, कविता पाठ म्हणते, गुरुजी त्याच्या नावापुढे हजेरी मांडतात, आणि शाळेत पट किती असे तालुक्याहून विचारणा झाली की त्याला वगळून उत्तर कळवतात.