हमिंगबर्डचे सौंदर्य कोणासाठी?
हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती असून त्या फक्त अमेरिका खंडांत आढळतात. सर्वाधिक विविधता विषुववृत्ताजवळच्या अँडीज पर्वतात. या पक्ष्यांच्या झळाळीने एकोणिसाव्या शतकात एक तात्त्विक वाद पेटवला. 'द रेन ऑफ लॉ' या १८६७ च्या ग्रंथात आरगाइलच्या ड्यूकने म्हटले की, असे रंग जगण्याच्या झगड्यात कामाचे नाहीत; ते केवळ सौंदर्यासाठी आहेत, म्हणजेच त्यांमागे कर्त्याचे मन आहे. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने त्याच वर्षी प्रतिवाद केला. डार्विनने १८७१ मध्ये मादीच्या पसंतीकडे बोट दाखवले: या सौंदर्याला प्रेक्षक आहे, फक्त तो माणूस नव्हे.

छायाचित्रणाने या वादात मोलाची भर घातली. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हे एका मोठ्या रसायन कंपनीचे प्रमुख होते. अतिवेगवान फ्लॅश वापरून त्यांनी हमिंगबर्डचे फडफडते पंख स्थिर टिपले आणि १९६० मध्ये त्या छायाचित्रांचा ग्रंथ काढला. या पक्ष्यांच्या गळ्यावरची झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांतील सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. मान जराशी वळली की गळ्यावरचे माणकासारखे तेज काळे पडते. मग रंग पिसात, प्रकाशात की पाहणाऱ्यात? कॅमेरा तीनच मूळ रंगांवर चालतो, कारण तो मानवी डोळ्यासाठी घडवला आहे. हमिंगबर्डला मात्र अतिनील प्रकाशही दिसतो. त्यामुळे उत्तमातले उत्तम छायाचित्रही अपुरेच. कर्ता असो वा नसो, ही आरास माणसासाठी मांडली आहे हे मत टिकत नाही.