सगळ्यांत जुन्याच्या चालीने

नागपूरच्या धंतोलीतल्या एखाद्या मध्यम रुग्णालयाची सर्व्हर खोली डोळ्यांसमोर आणा. रॅकमध्ये दोन सर्व्हर, एक दहा वर्षं घासलेला, दुसरा कोरा करकरीत. सगळं एका झटक्यात बदलायला पैसा कुणाकडे असतो? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, एसी मान टाकतो, आणि चालू व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) न थांबवता शेजारच्या सर्व्हरवर हलवायची वेळ येते. दोन्हींचे प्रोसेसर वेगळे असले तरी हे जमावं म्हणून मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये 'प्रोसेसर कम्पॅटिबिलिटी'ची टिक असते. विंडोज सर्व्हर 2008 आर2 पासूनची ही सोय.

टिक पडली की नवा प्रोसेसर आपल्या नव्या कला व्हर्च्युअल मशीनपासून लपवतो. एसएसई4 हा सूचनासंच दिसत नाही. एका दमात 256 बिट हाताळणारं, इंटेलच्या प्रोसेसरांत 2011 मध्ये आलेलं एव्हीएक्स दिसत नाही. गिगाहर्ट्झ मात्र तेवढेच, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. ओपीडीची नोंदणी, बिलिंग यांना फरक पडत नाही. ती कामं तशीही बराच वेळ डिस्कची वाट बघतात. सीटी स्कॅनच्या शेकडो प्रतिमा उलगडताना किंवा बॅकअप दाबून लहान करताना फटका बसतो. कधी तर सरळ नकारच मिळतो: मोंगोडीबी 5.0 या डेटाबेसला एव्हीएक्स लागतं, नसेल तर तो सुरूच होत नाही.

इतवारी स्टेशनावर नागभीडची नॅरोगेज हावडा लाइनच्या ब्रॉडगेजला भेटायची आणि माल उतरवून पुन्हा चढवावा लागायचा. हा त्रास वाचवायला कुणी हावडा लाइनच नॅरोगेज केली असती, तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. सर्व्हर खोलीत आपण नेमकं तेच करतो, आणि तात्पुरतं असेल तर ते शहाणपणाचंही आहे. माझी तक्रार नंतरची आहे. जुना सर्व्हर भंगारात जातो, टिक तशीच राहते. काढायची तर मशीन बंद करावं लागतं, आणि 'चालतंय ना, मग कशाला हात लावता' हे वाक्य तयारच असतं.

विंडोज सर्व्हर 2025 क्लस्टरमधल्या प्रोसेसरांना समान असलेलं बरंच काही उघडं ठेवतो, हे बरं झालं. पण एक सर्व्हर इंटेलचा आणि दुसरा एएमडीचा असेल, तर टिक असूनही चालू मशीन हलत नाही. तिथे रोजचा भुर्दंड पडतो आणि पदरात काहीच पडत नाही.