निनावी सूड

दुष्ट पुरुष रंगविणे कादंबरीकारास फारसे अवघड जात नाही. त्यास एक क्रूर चेहरा द्यावा, हाती काही भयंकर साधन द्यावे, दोन-चार निरपराध माणसे त्याच्याकडून मारवावीत आणि अखेरीस त्याचा निःपात करावा. वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. त्या दुष्टाच्या अंतःकरणात डोकावण्याचे श्रम लेखक घेत नाही व वाचकही त्याबद्दल तक्रार करीत नाही. शास्त्रीय कल्पनांच्या आधारे रचलेल्या कादंबऱ्यांत तर यंत्रेच इतकी जागा अडवितात की माणसाच्या मनाला तीत अंग चोरूनच उभे राहावे लागते. या प्रकारच्या वाङ्मयाच्या अगदी आरंभीच्या काळात ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराने कॅप्टन नेमो निर्माण केला, ही म्हणूनच मोठ्या आश्चर्याची गोष्ट होय. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि मुले तो त्या अद्भुत पाणबुडीकरिता वाचतात, हे ठीकच आहे. परंतु पाणबुडीचे नवल ओसरल्यावर, उतारवयात, तो ग्रंथ पुन्हा उघडणाऱ्या वाचकास तीत एक निराळाच प्रश्न बसलेला आढळतो. ज्याच्यावर घोर अन्याय झाला आणि ज्यास दाद मागण्यास पृथ्वीच्या पाठीवर एकही न्यायासन उरले नाही, त्याने स्वतःच न्यायाधीश व्हावे काय? आणि झाल्यास त्याचे काय होते?

नेमोची कथा दोन कादंबऱ्यांत विभागली आहे. समुद्राखालील वीस हजार लीगांच्या प्रवासाची पहिली कादंबरी १८६९-७० साली एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत नेमो कोण, कोठला, याचा पत्ता लागत नाही. व्हर्नच्या मनात प्रथम तो पोलंडमधील एक सरदार होता. १८६३ चा पोलिश उठाव रशियाने निर्दयपणे चिरडला होता, आणि त्यात ज्याचे घरदार नष्ट झाले असा पुरुष रशियन जहाजे बुडवीत फिरतो, अशी ती कल्पना होती. प्रकाशक हेत्झेल यास ती मानवली नाही. रशियात त्याच्या पुस्तकांना चांगले गिऱ्हाईक होते! दोघांचा पुष्कळ वाद झाला व शेवटी नेमोचे राष्ट्र आणि त्याचा शत्रू या दोन्ही जागा कोऱ्याच ठेवण्यात आल्या. व्यापारी हिशेबाने कलेचा असा अनपेक्षित लाभ क्वचितच झाला असेल. कारण हा कोरेपणा पुढे त्या पात्राचा प्राणच होऊन बसला.

१८७४-७५ मध्ये आलेल्या 'रहस्यमय बेट' या कादंबरीत ती जागा भरण्यात आली. नेमो हा बुंदेलखंडातील एका राजाचा मुलगा, राजपुत्र दक्कार. दहाव्या वर्षी युरोपात शिक्षणासाठी गेलेला, तिशीत स्वदेशी परतलेला, १८५७ च्या युद्धात तलवार घेऊन उभा राहिलेला, आणि त्या युद्धात आईबाप, पत्नी व दोन मुले गमावून बसलेला. व्हर्नने त्यास टिपू सुलतानाचा पुतण्याही करून टाकले आहे. म्हैसूरचे टिपू १७९९ साली श्रीरंगपट्टणास पडले. त्यांचे बुंदेलखंडाशी नाते जोडणे म्हणजे हिंदुस्थानचा नकाशा फार दुरून पाहण्यासारखे आहे. व्हर्नने हा देश कधी पाहिला नव्हता. तथापि बुंदेलखंड हे नाव मराठी वाचकाच्या कानांस परके नाही. छत्रसालाच्या साह्यास बाजीराव १७२९ साली तेथेच धावून गेला आणि पुढे झाशी मराठ्यांची झाली. १८५८ च्या एप्रिलात इंग्रजी फौज झाशीत शिरल्यानंतर शहरात काय घडले, हे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी डोळ्यांनी पाहिले आणि 'माझा प्रवास' या ग्रंथात लिहून ठेवले. ज्याने ती पाने वाचली आहेत त्यास दक्कारचे दुःख कल्पित वाटणार नाही. त्याचा सूडही प्रथम वाचताना अन्याय्य वाटत नाही. आपण मनातल्या मनात त्याच्या बाजूस जाऊन बसतो; आणि म्हणूनच त्याचा विचार आपण इतरांहून अधिक कठोरपणे केला पाहिजे.

पहिल्या कादंबरीच्या अखेरीस येणारा प्रसंग पाहावा. एक युद्धनौका 'नॉटिलस'चा पाठलाग करीत येते. तीवर कोणत्या देशाचे निशाण आहे हे प्राध्यापक आरोनाक्स यास दिसत नाही, परंतु नेमो तिला ओळखतो. त्याच लोकांनी आपले सर्वस्व हिरावले, असे तो सांगतो. कायदा आपण आणि न्यायही आपणच, असा त्याचा त्या वेळचा आविर्भाव असतो. मग पाणबुडी पाण्याखाली जाऊन त्या नौकेचे पोट फोडून आरपार निघते. खिडकीतून आरोनाक्स पाहतो तो बुडती माणसे डोलकाठ्यांवर चढत आहेत, आणि नेमोही ते सारे अखेरपर्यंत पाहत उभा आहे. नंतर तो आपल्या खोलीत जातो आणि एक स्त्री व दोन मुले यांच्या चित्रापुढे गुडघे टेकून हुंदके देऊ लागतो.

हे हुंदके कशाचे? पश्चात्तापाचे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मला ते उत्तर अपुरे वाटते. सूड ही केवळ कृती नसते, ते एक प्रकारचे बोलणेही असते. सूड घेणारा शत्रूस सांगत असतो की तू अमुक केलेस म्हणून मी हे करीत आहे. शत्रूला ते कळावे यातच त्याचे सारे सार्थक. त्या नौकेवरील खलाशांना काय कळले? आपणांस कोण मारीत आहे, कोणाच्या पत्नीचा, कोणाच्या मुलांचा हा मोबदला आहे, यातले काही एक त्यांना ठाऊक नव्हते. ते एका समुद्रराक्षसाच्या शोधात आले होते व त्याच्या धडकेने मेले. त्यांच्यापैकी बहुतेकांचा बुंदेलखंडातील त्या हत्येशी काही संबंधही नसावा. नेमोने आपले नाव टाकले, देश टाकला, मातृभाषाही टाकली; 'नॉटिलस'वरील माणसे आपसांत जी भाषा बोलतात ती आरोनाक्सला जगातील कोणत्याच भाषेशी जुळत नाही. शत्रूने पकडू नये म्हणून हे सारे केले खरे. परंतु त्या खबरदारीने त्याचा सूड मुका झाला. आणि मुक्या सूडाने भूक शमत नाही, म्हणून पुन्हा एक नौका, पुन्हा एक.

'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कोणी नाही'. होमरच्या महाकाव्यातील ओडिसियस एकाक्ष राक्षसाच्या गुहेत सापडतो तेव्हा आपले नाव 'कोणी नाही' असेच सांगतो आणि त्या युक्तीने निसटतो. पण जहाज किनाऱ्यापासून थोडे दूर जाताच त्याला राहवत नाही. सोबती विनवीत असता तो ओरडून आपले खरे नाव, बापाचे नाव, गाव, सारे राक्षसास सांगून टाकतो आणि त्यापायी वरुणदेवाचा कोप ओढवून घेतो. हा त्याचा मूर्खपणा म्हणून दाखविण्याची रीत आहे. मला तर तो त्यातला सर्वांत मानवी क्षण वाटतो. नाव सांगून तो संकटात पडला, पण घरी पोचला. नेमोला घरच उरलेले नाही, आणि त्याने आपले नावही परत घेतले नाही.

मात्र माणूस ठरवूनही पूर्णपणे 'कोणी नाही' होऊ शकत नाही, हे व्हर्नने फार सूक्ष्मपणे दाखविले आहे. मनुष्यजातीशी संबंध तोडल्याची शपथ वाहणाऱ्या या माणसाच्या पाणबुडीत बारा हजार ग्रंथ आहेत, चित्रे आहेत, एक ऑर्गन आहे आणि तो एकटाच तो वाजवीत बसतो. सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका दरिद्री पाणबुड्यावर शार्क माशाने झडप घातली तेव्हा नेमो खंजीर घेऊन त्याच्यापुढे झाला आणि वाचविल्यावर मोत्यांची पिशवी त्याच्या हातात ठेवून निघून गेला. क्रीट बेटातील लोक तुर्कांविरुद्ध उठले होते, त्यांना त्याने समुद्रतळाचे सोने पोचविले. मेलेल्या सोबत्यास तो पोवळ्यांच्या वनात पुरतो. ज्या आरोनाक्सला त्याने कैदी केले, त्याचा ग्रंथ त्याच्या कपाटात आधीपासूनच आहे! एवढेच नव्हे, तर आपल्या संशोधनाचा व आयुष्याचा वृत्तान्त त्याने अनेक भाषांत लिहून, खाली खरे नाव घालून, सिद्ध ठेवला आहे. 'नॉटिलस'वरील शेवटच्या माणसाने तो न बुडणाऱ्या पेटीत घालून लाटांवर सोडावयाचा. जगाला विटलेला माणूस जगाला पत्र लिहून ठेवतो. त्याला दयेची नव्हे, ऐकणाऱ्याची उणीव आहे. आरोनाक्सला तो सागराची सारी आश्चर्ये दाखवीत फिरतो, त्यात विद्वानाचा सत्कार किती आणि साक्षीदाराची गरज किती, हे वाचकाने ठरवावे.

येथे आपल्या वाचकास अश्वत्थाम्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्याच्या बापाला शस्त्र खाली ठेवल्यावर, अर्धसत्याच्या आधाराने मारले होते. त्याची तक्रार खोटी नव्हती. सौप्तिकपर्वात तो रात्री पांडवांच्या शिबिरावर जाण्याचे ठरवितो तेव्हा कृपाचार्य त्यास सांगतात की आज झोप घे, उद्या धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू, मग ते म्हणतील तसे करू. सल्ला किती साधा आहे! सूड घेऊ नकोस असे ते म्हणतच नाहीत. एकट्याने ठरवू नकोस एवढेच त्यांचे म्हणणे. अश्वत्थामा ते ऐकत नाही. आणि पुढे जे होते ते अधिक भयंकर आहे. कृपाचार्य त्याच्यामागून जातात, शिबिराच्या दाराशी उभे राहतात, आणि पळून येणाऱ्यांना कापतात. शिबिरात निजलेले कित्येक योद्धे आपणांस कोण मारतो हे न कळताच मेले. नंतर कृष्णाने दिलेला शाप असा, की तीन सहस्र वर्षे तू एकटा भटकशील आणि तुझ्याशी बोलणारा कोणी असणार नाही. अश्वत्थाम्यास जे शाप म्हणून मिळाले ते नेमोने व्रत म्हणून पत्करले, एवढाच भेद. कपाळाच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या लोकांनी कल्पिला, तो त्यांच्या करुणेने. निदान त्याला तेल मागण्यापुरते तरी बोलता यावे!

'नॉटिलस'वर कृपाचार्य नव्हते. तेथील सर्व माणसे नेमोवर जीव ओवाळणारी होती, आणि हेच त्याचे दुर्दैव. ती त्याच्यासाठी मरत, पण त्याला 'नाही' म्हणणारे त्यांत कोणी नव्हते. जुलमाने पोळलेल्या माणसाभोवती नेहमी अशीच निष्ठा गोळा होते आणि आपण तिला त्याचे भाग्य समजतो.

व्हर्नचीही ही सहानुभूती सर्वांना सारखी लाभली नाही, हे सांगितले पाहिजे. १८८० साली त्याने वाफेच्या यांत्रिक हत्तीने हिंदुस्थानभर ओढलेल्या घराची एक कादंबरी लिहिली. तीत कानपुरात पत्नी गमावल्याचे समजणारा कर्नल मन्रो आणि त्याच मन्रोच्या हातून झाशीची राणी पडली म्हणून त्याच्या मागावर असलेले नानासाहेब, असे दोघे सूड घेणारे समोरासमोर ठेवले आहेत. मन्रोच्या वाट्याला शोक आला. नानासाहेबांच्या वाट्याला नुसता क्रोध. ज्या लेखणीने दक्कारच्या खोलीतील चित्र पाहिले, तिला ब्रह्मावर्तच्या वाड्यात एकही चित्र दिसले नाही. खल आणि शोकनायक यांतील अंतर कित्येकदा लेखकाने दार उघडले की नाही, एवढेच असते.

'रहस्यमय बेट' ही कादंबरी नेमोची खरी अखेर सांगते. तीत एकांताचे आणखी एक उदाहरण आहे. एर्टन नावाच्या गुन्हेगारास शिक्षा म्हणून एका निर्जन बेटावर बारा वर्षे एकटे ठेवलेले असते. तो सापडतो तेव्हा जवळजवळ पशू झालेला असतो, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून हा पुन्हा माणूस होत आहे असे इतरांच्या ध्यानात येते. नेमो पशू झाला नाही. विद्येने त्यास तारले. पण त्याचे सोबती एकामागून एक मेले, पाणबुडी बेटाखालच्या गुहेत शिरली, आणि ज्वालामुखीच्या हालचालीने वर आलेल्या खडकांनी तोंड अडल्यावर ती बाहेर निघेना. शेजारी पाच अमेरिकन माणसे विमानाच्या नव्हे, साध्या बलूनच्या आधाराने येऊन पडली आहेत, हे त्याने पाहिले. तो त्यांना लपूनछपून मदत करू लागला. हत्यारांची पेटी किनाऱ्यावर ठेवली, तापाने मरणाऱ्या मुलासाठी कोयनेल ठेवले, चाच्यांचे जहाज उडविले. नाव सांगितले नाहीच.

शेवटी त्याने त्यांना बोलावून घेतले. आपली सारी हकीकत सांगितली, नाव सांगितले, आणि इंजिनिअर सायरस स्मिथ यास आपला न्याय करण्यास सांगितले. जो स्वतःस न्याय म्हणवीत होता तो मरताना न्यायासन शोधीत आहे. एकट्याने जगता येते असे आपण मानले, त्यानेच आपल्याला मारले, हेही तो कबूल करतो. स्मिथचे उत्तर मात्र मला कधीही पटलेले नाही. गेलेला काळ परत आणता येईल असे आपण समजलात आणि अवश्य अशा प्रगतीशी झगडलात, ही आपली चूक, अशा आशयाचे तो बोलतो. झाशीच्या रस्त्यांवर जे झाले त्यास प्रगती हे नाव देण्यास फार दुरूनच पाहावे लागते. नौकेवरील त्या अजाण खलाशांविषयी स्मिथ बोलला असता तर ते योग्य झाले असते. त्याने त्याऐवजी इतिहासाविषयी प्रवचन दिले. परंतु नेमो वाद घालीत नाही. न्याय कसा मिळाला यापेक्षा कोणीतरी तो दिला, हेच त्याला त्या घटकेस पुरेसे झाले असावे. त्याचा अखेरचा शब्द व्हर्नच्या हस्तलिखितात 'स्वातंत्र्य' असा होता. हेत्झेलने तेथेही हात घातला आणि छापील पुस्तकात त्याच्या तोंडी देव व देश आले.

त्याने पाणबुडी हेच आपले थडगे व्हावे असे मागितले होते. एर्टन धरून सहा परदेशी माणसे ती इच्छा पुरी करण्यास उरली होती, आणि त्यांच्याशी तो अखेरपर्यंत इंग्रजीतच बोलला. त्यांनी दिवाणखान्याचे दार लावले, बाहेर येऊन पाणी आत घेण्याच्या तोट्या उघडल्या आणि होडीतून पाहत राहिले. 'नॉटिलस' हळूहळू खाली गेली. तिचे विजेचे दिवे तसेच जळत होते, त्यामुळे काही वेळ खोल पाण्यात उजेड दिसत होता. मग तोही दिसेनासा झाला.