गिबोनकरांची बुरसलेली भाकर
(यहोशवा, अध्याय 9)



गिबोनकर जवळचेच रहिवासी. परंतु जीर्ण वस्त्रें, ठिगळांचे जोडे व बुरसलेली भाकर दाखवून आपण दूर देशाहून आलों असें त्यांनीं भासविलें. इस्राएलाच्या वडिलांनीं भाकर पाहिली, परमेश्वरास मात्र विचारलें नाहीं. तीन दिवसांनीं फसगत उघडकीस आली.

आजचा भामटा मोबाईलवर पोलिसाचा गणवेश दाखवितो. तुमच्या नांवें गुन्हा आहे, ‘डिजिटल अरेस्ट’ झाली आहे, घरांत कोणास सांगूं नका, रक्कम लगेच पाठवा, असें तो बजावितो. अशी अटक आपल्या कायद्यांत मुळींच नाहीं. 27 ऑक्टोबर 2024 रोजीं पंतप्रधानांनींही ‘मन की बात’मध्यें हेंच सांगितलें. मग सुशिक्षितही कां फसतात? भामटा कुलूप फोडीत नाहीं. तो भय जागें करितो, घाई लावितो व मनुष्यास एकटें पाडितो. पेठचा शेतकरी मंचरच्या बाजारांत कांद्याचा भाव चौघांस विचारतो. भ्यालेला मनुष्य जन्माची पुंजी पाठवितांना एकासही विचारीत नाहीं.

यास्तव आमची विनंती ही कीं, असा फोन येतांच तो बंद करा, प्रार्थनेंत क्षणभर थांबा, आणि घरच्यांस सांगा. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवा.

आणखी एक. फसलेल्यास हंसूं नका. आपल्या हंसण्याच्या भयानें तो गप्प राहतो, आणि त्याचें मौन हेंच भामट्याचें भांडवल होय. यहोशवाही फसला, तरी देवानें त्यास टाकिलें नाहीं, पुढच्याच अध्यायांत त्यास जय दिला. मग आपण आपल्या भावास कसें टाकावें?