न पाहिलेल्या झाडाचा हक्क

जे झाड आपल्याला सावली देत नाही, फळ देत नाही, जे आपण आयुष्यात कधी पाहणारही नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का?

आमच्या ठाकुर्लीत टॉवर उभे राहिले, तशा त्यांच्या फाटकांशी कुंड्याही आल्या. त्यांत थराथरानं फांद्या फुटलेलं एक सरळसोट झाड हमखास दिसतं. नर्सरीवाले त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. ते मूळचं पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं, अरोकेरियाच्या कुळातलं. याच कुळातलं वोलेमी पाइन ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या वायव्येकडच्या डोंगरांत, एका खोल घळीत उभं आहे. त्याच्या पूर्वजांच्या खुणा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत आहेत. जिवंत झाड मात्र डेव्हिड नोबल यांना १९९४ मध्ये दिसलं, तेव्हा जगाला कळलं. रानात त्याची पूर्ण वाढलेली झाडं शंभराहून कमी आहेत.

सरकारनं ठिकाण गुप्त ठेवलं. तरीही चोरून जाणारे गेलेच. २००५ मध्ये तिथं मुळं कुजवणारा रोग आढळला. तो अशाच कुणाच्या बुटांच्या मातीतून आला असावा, असा संशय आहे. २००६ मध्ये रोपं सर्वांसाठी विक्रीला आली. ज्याला हौस आहे त्यानं घरी लावावं, रानात जाऊ नये, हा हेतू. २०१९-२० च्या वणव्यात हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून झाडांभोवती पाणी खेळवलं गेलं आणि ती घळ वाचली.

चोरून गेलेले लोक झाडाचे वैरी नव्हते, चाहते होते. विचार करायला लावते ती हीच गोष्ट.

आपल्या सह्याद्रीतली शिंदळ माकुडी सूचिपर्णी नाही, पण तिचं दुखणं तेच. १८६५ मध्ये डाल्झेल यांनी तिची शास्त्रीय नोंद केली. शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या कड्यांवर ती उगवते; महाराष्ट्राबाहेर रानात कुठंच नाही. हौशी लोकांच्या कुंड्यांत मात्र ती परदेशातही वाढते. मग ती वाचली म्हणायची का? कुंडीत जात टिकते. पण कडा, पाऊस, परागकण नेणारा कीटक, फटीत आपसूक रुजणारं बी, हा संसार कुंडीत मावत नाही.

झाड लावणं हा सदका, असं आपण लहानपणापासून ऐकतो; कारण त्याचं फळ माणूस खातो, पाखरू खातं. पण ज्याचा कुणाला उपयोग नाही, त्या झाडाचं काय? तिथं आम्हाला सदक्यापेक्षा अमानत हा शब्द जवळचा वाटतो. अमानत ठेवलेली वस्तू आपण वापरत नाही, उघडून पाहतही नाही. जशीच्या तशी परत करतो. तिच्यावर हक्क ठेवणाऱ्याचा असतो, आपल्याकडे असते ती फक्त राखण.

डोंगरावर जाऊ नका, असं आमचं म्हणणं नाही. मात्र प्रत्येक दुर्मीळ गोष्ट पाहिलीच पाहिजे, तिचा फोटो काढलाच पाहिजे, ही आपली हाव तपासायला हवी. काही ठिकाणी आपलं न जाणं हीच राखण असते. त्याचे आभार कुणी मानणार नाही, आणि अमानतीत ते अपेक्षितही नसतं.