‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

पावसाळ्यात तिकोणा पेठेतून किल्ल्याकडे पाहिले असता वर जे पांढुरके दिसते ते धुके की धूर, याचा निर्णय खालून होत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान शिकविणाऱ्या नैयायिकांनीच, बाष्पाला धूर समजल्यास अनुमान फसते, असेही बजावून ठेविले आहे. याच पेठेतील एका वृद्ध स्नेह्यांच्या फुफ्फुसातील छायेविषयी आमच्या हातून असाच प्रमाद घडला.

क्ष-किरणांच्या चित्रातील छाया क्षयाची की कर्करोगाची, हे पुष्कळदा छायेवरून ठरत नाही. म्हणून तेथील सूक्ष्म तुकडा काढून तपासतात. स्नेह्यांचा अहवाल इंग्रजीत होता. तपासलेल्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही त्यांस मराठीत सांगितले, “रोग नाही.” घरात पेढे वाटले गेले. काही महिन्यांनी रोग प्रकट झाला. गेलेला काळ मात्र परत आला नाही.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धि, म्हणजे वस्तू न दिसणे, हे अभावाचे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. परंतु त्यास एक अट आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात घट दिसला नाही तर घट नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. फुफ्फुस तर श्वासागणिक हलते. आधी श्वास रोखून काढलेल्या चित्रातली गाठ प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी सरकलेली असू शकते. सुई शेजारच्या निरोगी भागात शिरली, तर अहवाल खरा आणि निष्कर्ष खोटा!

१८९७ साली जर्मनीत किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले हाड ताठ नळीने काढले; १९६६ साली जपानच्या इकेदा यांनी लवचीक नळी पुढे आणली. २०१८ साली अमेरिकेत यंत्रबाहूने चालणाऱ्या बारीक नळीस मान्यता मिळाली. हिचे चालन वैद्याच्याच हाती असते. पण ती दूरच्या अरुंद फाट्यांत शिरून स्थिर राहते, आणि रोग्याभोवती फिरणारे क्ष-किरणयंत्र सुईचे टोक गाठीत आहे की नाही, हे त्याच वेळी दाखविते. अंधाऱ्या खोलीत दिवा लावावा तसे हे आहे.

तथापि दिव्यालाही कोपरे असतात. यंत्र ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार वाढविते, पूर्ण देत नाही. संशय सांगितल्याने रोग्याची झोप उडते, हे खरे. परंतु खोट्या निश्चितीने दिलेली झोप हे उसने घेतलेले धन होय, व त्याचे व्याज रोग्यालाच भरावे लागते. त्या दिवशी आम्ही एवढेच विचारावयास हवे होते: सुई गाठीत गेली होती काय?